मधल्या तीन तोट्या

मी, वय एकाहत्तर, धातूची पट्टी लाटण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षे मशीन चालवलेला आणि कामावर 'शंकेखोर' म्हणून ओळखला गेलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि दाराला आतून कडी घालून लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालू पाहणारे दोघे आहेत, त्यांचे त्यांना ठाऊक. पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही. प्रत्येक पानावर माझी सही आहे. एखादे पान कमी भरल्यास मेव्हण्याच्या कपाटात पाहावे.

१. बँकेतली ठेव शेजारच्या शिंपिणीला. दोन वर्षे तिने मला दोन्ही वेळचा डबा दिला. त्यात ती काही कालवते की काय, म्हणून पहिला महिनाभर मी आधी मांजराला घास घालत असे. मांजर चांगले गुबगुबीत झाले. मी तिची माफी मागतो.

२. जाडी मोजायचा माझा मायक्रोमीटर, तपासणी खात्यातल्या 'भिंगा'ला. तो माझ्या पट्टीची जाडी मुद्दाम अगदी कडेला मोजायचा. कडेला पट्टी पातळच भरते, हे शेंबड्या पोरालाही कळते. तरी माझा माल नापास. आता निवांत बसून आतल्या बाजूला मोजावे.

३. मेव्हण्याला काही नाही. का, ते त्यालाच विचारावे.

४. राहते घर, दोन खोल्या आणि पोटमाळा, माझ्या धाकट्या भावाला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

भाऊ आमच्याच कारखान्यात रोल घासायचा. ज्या दोन रोलांमधून पट्टी लाटली जाते, ते दाबाखाली वाकतात. म्हणून घासतानाच त्यांना मधे केसभर पोट ठेवतात. ते पोट त्याच्यासारखे कोणाला साधत नसे. लाटताना रोल तापून मधे आणखी फुगतात, आणि ते रोखायला मधल्या तीन तोट्यांतून तेल-पाणी सोडावे लागते. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी पट्टीवर मधोमध डाग दिसले. आधीच्या पाळीने तेल-पाण्यात काही मिसळले असा मला संशय आला. खात्री करायला मी त्या तीन तोट्या एका कॉइलपुरत्या, म्हणजे पट्टीच्या एका गुंडाळीपुरत्या, बंद केल्या आणि त्या पाळीवाल्याशी भांडण्याच्या नादात उघडायला विसरलो. रोल फुगले, पट्टी मधे जास्त लाटली जाऊन सुरकुतली आणि ताणाखाली तुटली. तुटलेल्या टोकाच्या फटक्याने माझ्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. हात फडक्यात गुंडाळून मी आधी तोट्या उघडल्या, मग माणसे बोलावली.

चौकशीत मी सांगितले, भावाने रोलाला पोट जास्त ठेवले. तो एवढेच म्हणाला, "दादा, रोल मोजून बघ." रोलाला चरे पडलेत, आता मोजण्यात अर्थ नाही, असे मी म्हणालो आणि साहेबांनी माझे ऐकले. भावाला गोदामात कॉइल बांधायला बसवले. निवृत्त होईपर्यंत तो तेच करत होता. मी त्याच्याशी बोलणे सोडले, कारण त्याला सगळे कळले असेल असा मला संशय होता. मला याची लाज वाटते.

५. वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही. म्हणून भावाने यावर सही करू नये. आज त्याला समोर बसवून हे वाचून दाखवणार आहे. मी गेल्यावर नेमके हेच पान फाटेल अशी मला भीती आहे.

६. (सह्या होण्याआधी वाढवलेले.) वाचून झाले. भाऊ म्हणाला, "तोट्यांचं मला त्याच दिवशी कळलं होतं. रोलाला हात लावला, तर मधेच चटका बसला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी दोन बोटं गेली होती, दादा."

मग त्याने साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितले. घर जाईल, असे वकिलांनी दोनदा बजावले. तो म्हणाला, "घर राहू दे. हे दादा स्वतःहून बोलला, एवढं माझ्या सहीनं राहू दे."

यात त्याचा काही डाव असेल असे मला वाटले. मी पुष्कळ शोधला. सापडला नाही.

सबब कलम चार रद्द. घर त्याच्या मुलीला द्यावे. तिला पेनाजवळ फिरकू देऊ नये.

स्थळ: माझी पुढची खोली. तारीख ९ (नऊ) मार्च. आकडा खोडता येतो म्हणून अक्षरीही.

सही: मृत्युपत्र करणार (डाव्या हाताने)

साक्षीदार एक: गल्लीतले डॉक्टर

साक्षीदार दोन (स्वतःच्या अक्षरात): सख्खा भाऊ. धंदा, रोल घासणे.