सुरंगीच्या आळ्यातले खुरपे

मी, श्रीमती वनमाला दशरथ परब, वय वर्षे ७४, राहणार खोली क्रमांक २, तळमजला, शुभांकुर सोसायटी, बोरिवली पूर्व, माझ्या पश्चात घरात तंटा नको म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, डॉ. यज्ञेश सामंत यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून या सोसायटीत राहायला यायचा आहे.

१. राहते घर मुलगा नितेश आणि मुलगी जान्हवी यांना समान हिश्श्याने द्यावे. तो विकू म्हणेल, ती नको म्हणेल, हे मला आत्ताच ऐकू येते आहे. भांडा, पण जेवून भांडा.

२. बांगड्या जान्हवीला, मंगळसूत्र सून शर्मिष्ठाला. बँकेत काही उरलेच तर दोन्ही मुलांत वाटावे.

३. कुंड्यांतली अबोली आणि मोगरा जान्हवीने न्यावा. मनीप्लांट शर्मिष्ठाचे. चोरून आणल्याशिवाय ते वाढत नाही म्हणून तिने शेजारणीचे उचलून आणले होते. तिने ते कुंडीतच ठेवावे. जमिनीत लावले की मेले कुठल्याही झाडाच्या उरावर चढते.

४. आता सुरंगी. खिडकीबाहेरचे हे झाड माझ्या यजमानांनी वेंगुर्ल्याहून आणलेल्या बीपासून वाढवले. म्हणायचे, "फुलां इली काय पयलो वळेसर तुका." ते गेले, झाड अजून फुललेले नाही. सुरंगी सावकाश चालते, तिला घाई करून उपयोग नाही. माझ्या हयातीत फुलली तर तो वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, मी स्वतः माळणार आहे. विधवेने फुले माळू नयेत असे ज्यांना वाटते त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या जिन्याने जावे.

पण जमीन सोसायटीची, म्हणून झाडही सोसायटीचे. जे आपले नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही, असे माझी वकील दिशा कर्णिक म्हणते. हे लिहिताना फार वाईट वाटते.

५. सोसायटीचा सेक्रेटरी सुबोध याच्याशी माझे भांडण सर्वांना ठाऊक आहे. त्यानेच आवारात ती सातासमुद्रापलीकडची पिवळ्या फुलांची वेल लावली. नर्सरीवाले तिला वेडेलिया म्हणतात, मी पिवळी सटवी म्हणते. कमी पाण्यात हिरवेगार, म्हणून सगळे खूश. तिने गवत खाल्ले, तेरडा खाल्ला, आघाडा खाल्ला. आता मंगळागौरीची पत्री बाजारातून आणावी लागते.

वर सुबोध तीच फुले देठासकट देवाला वाहतो आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य हात जोडून माझ्या सुरंगीच्या आळ्यात ठेवतो. पेरापेराला मूळ फुटते. मी उपटते, तो पुन्हा ठेवतो.

"अरे, तू पूजा करतोस की पेरणी?" मी विचारले.

"काकू, देवाचं आहे ना. कचऱ्याच्या डब्यात कसं टाकू?"

देवाला वाहिली म्हणून सटवी संत होत नाही. आणि सभेत हाच उठून म्हणाला, "फूल नाही, फळ नाही, झाड काढून टाकू." तेव्हापासून मी त्याच्या घरचा चहा सोडला.

६. तरीही माझे खुरपे मी सुबोधला देते.

कारण सांगते. मुले सणावारी येतात. घर विकले तर तीही यायची नाहीत. झाडापाशी रोज सकाळी न चुकता येणारा माणूस हा एकच. गेल्या मे महिन्यात मी इस्पितळात होते, परत आले तर आळे ओले. पूजेचे पाणी तो तिथेच ओतत होता. मला बोलला नाही, मीही विचारले नाही. झाड देता येत नाही, म्हणून झाडाखालचे काम देते. अट एकच: निर्माल्य ठेवण्याआधी आळ्यातली सटवी काढायची. सुरंगी फुलली की पहिली ओंजळ त्याच्या देवाला. मग आळ्यात निर्माल्य पडले तरी सुरंगीचेच पडेल.

७. माझ्या अंगावर पिवळी फुले घालू नयेत. मेल्यावर तरी मला उपटायला लावू नका.

अंमलबजावणी दिशाने करावी.

ताजा कलम: साक्षीदार म्हणून आज सुबोधला बोलावले होते. त्याने सगळे वाचले. दिशा म्हणाली, "ज्याला यातून काही मिळतंय त्याने साक्षीदार होऊ नये."

"सही कर, नाहीतर खुरपं घे," मी म्हटले.

त्याने सहावे कलम पुन्हा एकदा वाचले. मग पेनाला टोपण लावून म्हणाला, "काकू, सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

खिडकीतून दिसतो आहे. आळ्यात उकिडवा बसला आहे. आत्ताच ओरडून विचारले, "मुळासकट ना, काकू?"

मुळासकट, असे सांगून मी सही करते.

वनमाला दशरथ परब

साक्षीदार:
१. डॉ. यज्ञेश सामंत (सही)
२. धोंडिराम गावडे, खोली क्रमांक ५ (सही)

बोरिवली पूर्व, मुंबई
९ फेब्रुवारी २०२५