दोनशे बारा विरुद्ध दोनशे बारा

आदरणीय वीरभद्रआण्णा,

शरणार्थ. वहिनींच्या गुडघ्याला आता उतार असेल आणि माजलगावच्या मोंढ्यात तुमच्या तुरीला बरा भाव लागला असेल, अशी आशा करतो. इकडे माझी प्रकृती ठीक आहे (म्हणजे भाकरी मीच थापतो आणि मीच खातो). तुमची बहीण गंगासागर बॅग घेऊन तुमच्याकडे का आली, हे तिनं सांगितलंच असेल. माझी बाजू फोनवर सांगावी म्हटलं, तर फोन तीच उचलते आणि ठेवते. म्हणून हे पत्र.

आमच्या वॉर्डात ग्रामपंचायतीला ती उभी होती आणि समोर मेकॅनिक अशफाकची बायको हजराबी, हे तुम्ही जाणताच. मोजणीत दोघींना दोनशे बारा मतं पडली. पुन्हा मोजली, तरी तेवढीच. निवडणुकीचे साहेब म्हणाले, चिठ्ठी काढू. मी गंगासागरचा प्रतिनिधी म्हणून तिथंच बसलो होतो. तीस वर्षं दहावीला बीजगणित शिकवलेल्या माणसाला संभाव्यता म्हणजे काय हे कुणी सांगायला नको; दोन चिठ्ठ्या, प्रत्येकीची शक्यता एक छेद दोन. पण त्यासाठी चिठ्ठ्या हाताला सारख्या लागल्या पाहिजेत (ही अट मुलं पेपरात हमखास विसरतात आणि मी अर्धा गुण कापतो). तिथं पाणी द्यायला असलेल्या केसरबाईंनी डब्यात हात घालून एक चिठ्ठी वर काढली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिला चार घड्या आहेत आणि डब्यातलीला दोनच. आण्णा, मी उभा राहिलो आणि हरकत घेतली.

केसरबाई म्हणाल्या, "मास्तर, चिठ्ठी हाय, भाकर न्हाई सारखी थापायला!" पण साहेब कायद्याचे निघाले. त्यांनी हरकत लिहून घेतली, माझी सही घेतली, ही सोडत रद्द म्हणाले आणि मग हातातली चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवली. तिच्यावर गंगासागरचं नाव होतं.

दुसऱ्यांदा चिठ्ठ्यांच्या घड्या मी स्वतः तपासल्या. अगदी निर्दोष होत्या. हजराबी निवडून आली.

बाहेर गुलाल उडत होता, तरी हजराबी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, तुमी कावून थांबवलं?" गंगासागर गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "जल्मात एक डाव तरी गप बसायचं व्हतं." दोन महिने उन्हातान्हात ती दारोदार फिरली होती, आण्णा. पायाला फोड आले होते. ते मी पाहिले होते.

त्यानंतर ती माझ्याशी पहिल्या दिवशी बत्तीस शब्द बोलली (मी मोजले, सवय आहे). मग सोळा, आठ, चार, दोन. सहाव्या दिवशी ताट आदळून "गिळा" म्हणाली, तो एक. ही भूमिती श्रेढी झाली आणि तिचं पद कितीही लहान झालं तरी शून्य होत नाही, या भरवशावर मी सातव्या दिवशी अर्ध्या शब्दाची वाट पाहत ओट्यावर बसलो. ती माझ्या समोरून माजलगावच्या गाडीत बसली. घरात आता घड्याळाचा आवाज लई मोठा वाटतो.

आपला,
केदारनाथ

ता. क. तिला समजावून परत पाठवा, हे लिहायचं राहिलं. तुमचा शब्द ती मोडत नाही.

आणखी एक. हजराबी माझी विद्यार्थिनी. वर्गातली सगळ्यात हुशार पोर, पण परीक्षेच्या तोंडावर तिचं लग्न लावून दिलं. मी तिच्या घरी जाऊन बोलायला हवं होतं, गेलो नाही. मतदानाच्या दिवशी यंत्रासमोर ते सगळं आठवलं. गंगासागर निदान पन्नास मतांनी येणार, असा माझा हिशोब होता. एका मतानं काय फरक पडतो म्हणून मी हजराबीचं बटण दाबलं. नाहीतर दोनशे तेरा विरुद्ध दोनशे अकरा झाले असते आणि चिठ्ठीची वेळच आली नसती.

हे गंगासागरला अजून माहीत नाही. तिला पाठवू नका. गुरुवारी मीच येऊन सांगतो. त्या वेळी तुम्ही मोंढ्यात जाऊ नका, घरीच थांबा, एवढीच विनंती.