नावेच्या शेपटाचं तेल

नागपूर,
२ सप्टेंबर १९८१

ती. सौ. रुखमाताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. तुमच्या नावेला बाटली लावून परवा घरी परतलो तेव्हा माझ्या अंगाला गियर ऑइलचा वास येत होता, हे मी नाकारत नाही. पण तेवढ्यासाठी तुझ्या भावजयीनं माझा चहा ओट्यावर आणून ठेवावा? दोन दिवस मी भिक्षेला आलेल्या गोसाव्यासारखा बाहेर बसून चहा पितो आहे. शिकेकाई झाली, बेसन झालं, काल सुहासिनीनं रॉकेलही चोळायला दिलं. आता तिन्ही वास एकत्र येतात. शेजारचे गोपाळराव कुंपणावरून म्हणाले, काय मास्तर, नवीन अत्तर वाटते.

तरी कामाचा मला पश्चात्ताप नाही. भाऊजींनी लिलावात ती सरकारी लाँच घेतली तेव्हाच मी हात जोडले होते. इंजिन पोटात नि पंखा बाहेर लोंबत्या शेपटात! त्या शेपटात दात्यांची चाकं, चाकांना तेल, आणि तेल किती उरलं हे पाहायचं तर अख्खी नाव बैलजोड्या लावून खिंडशी तलावाच्या काठावर ओढायची. आता शेपटातून नळी काढून थेट नावेत आणली आहे, आणि नळीच्या टोकाला, पाण्याच्या बरीच वर, आरपार दिसणारी बाटली टांगली आहे. तेल बसल्या जागी दिसतं, आणि वरून तेलाचा दाब असल्यानं खालून पाणी शिरत नाही. झाकणाचं बारीक भोक तेवढं बुजू देऊ नको. हवा आत गेली नाही तर तेल खाली उतरायचं नाही.

बाटली तुझ्या ताब्यात. निघताना काठावर सांगितलंच आहे : देवघरातला दिवा बघतेस तशी ही बघ, खाली गेली की भर. भाऊजींना सांगत बसू नको. ते आधीच टोपी घालून स्वतःला आरमाराचे सरदार समजतात, त्यांना तेलावातीत कशाला ओढायचं?

लोभ आहेच, वास जाईपर्यंत तो लांबूनच करावा.

तुझा,
मनोहर

---

रामटेक,
३ ऑक्टोबर १९८१

चि. मनोहरास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी नि सासूबाई इतक्या हसलो का हे बाहेरून विचाराले आले, काय झालं म्हणून. टोपीचं काही सांगितलं नाही.

घरी घट बसले आहेत, दिवा अखंड तेवून राहिला. पहाटे त्याले तेल घालते, मग तलावावर जाते नि नावेच्या बाटलीले घालते. पहिले पहिले थेंबभर लागे, घट बसल्यापासून रोज वाटीभर लागते. सासूबाई म्हणतात, नावेच्या अंगात देवी आली, खाऊन राहिली. यायले, तुझ्या भाऊजीले, मी काही बोलत नाही, तूच म्हटलं होतं. अन् दिव्याचं तेल कोणी मोजते काय गा? हे येतात तवा बाटली काठोकाठ. तिच्यावर हात फिरवतात नि बसणाऱ्या लोकांले सांगतात, पहा माह्या साळ्याची करामत, महिना झाला, तेल हललं नाही.

नावेची किल्ली आता माह्या कमरेले असते. बाटली माहेरची, म्हणून किल्लीही माह्याकडे, असं हेच म्हणाले. नाव सोडायची वेळ झाली का माह्यापाशी येऊन हात पुढे करतात. लग्नाले इतकी वर्षं झाली, यायनं माह्याजवळ जेवणाशिवाय काही मागितलं नव्हतं. लई बरं वाटते गा.

तू ठेवून गेलेला तेलाचा डबा सरत आला, दुसरा कोणासोबत तरी पाठव. अन् सुहासिनीले सांग, माह्या भावाले चहा घरात देत जाय.

आठवण काढत जाय, नुसती डब्यापुरती नको.

तुझी,
ताई

---

नागपूर,
६ ऑक्टोबर १९८१

ती. ताईस सा. न.

तंत्रशाळेत प्रदर्शनाची धावपळ, म्हणून कार्डावरच भागवतो. शेजारचा मुकुंद गडावर दर्शनाला येतो आहे, त्याच्याबरोबर तेलाचा डबा धाडला आहे. नाव वाटीभर तेल खाते म्हणतेस? खाऊ दे, बाळसं धरते आहे. तुझ्या हातचं खाऊन तुझा भाऊ नाही का सुटला? भाऊजींची मिरवणूक चालू राहू दे.

माया तेलाइतकीच दाट असू द्यावी.

मनोहर

---

रामटेक,
१६ ऑक्टोबर १९८१

चि. मनोहरास आशीर्वाद.

आम्ही सारे जिवंत आहो, हे पहिले लिहिते.

कोजागिरीच्या दिवशी पलीकडच्या गावचे लोक बाजार करून परत चालले होते. बाया, लेकरं, मिठाच्या पिशव्या. मीही नावेत होती. बाटली सकाळी मीच भरली होती. तलावाच्या मधात आलो नि पाहिलं त बाटली कोरडी. डबा घ्याले वाकली, तेवढ्यात शेपटातून आवाज आला, जात्यात खडा गेल्यासारखा. मग काहीच नाही. वारा सुटला, नाव आडवी होऊन खडकाच्या बाजूनं जाऊन राहिली. बायांनी बाजारातून आणलेल्या नव्या परातींनं पाणी मारलं, यायनं बसायची फळी उपटून वल्हवलं. अंधार पडता पडता काठ लागला. एक लेकरू रडून रडून निळं पडलं होतं. मले तेच दिसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी बैल लावून नाव काढली. यायनं शेपूट खोललं. पंख्याच्या दांड्याले कोणाच्या तरी जाळ्याचा दोरा गुंडाळला होता. त्यानं आतली रबराची कडी हळूहळू कापत नेली, तिथून तेल झिरपत होतं. हे म्हणाले, बाटली खाली जाताना मले दिसली असती त दोरा काढला असता, कडी बदलली असती, झालं. आता पाणी शिरून चाकांचे दात गेले. मग त्यायनं विचारलं, कोण भरत होतं. मी म्हटलं, मी. तुले सांगितलं कोणं, असं विचारलं. मी म्हटलं, बाईले तेल घालाले सांगा लागते काय.

तवा साऱ्यांसमोर त्यायनं हात पुढे केला. मले वाटलं नेहमीसारखाच. मी किल्ली दिली. ती त्यायनं आपल्या खिशात टाकली, नि नावेवर पाय ठेवू नको म्हणाले. ओरडले नाही. ओरडले असते त बरं होतं.

तू यायले काही लिहू नको. तुझं नाव मी घेतलं नाही, घेणार नाही. साळ्याचं कौतुक सांगाची त्यायले हौस आहे, ते काहून मोडाचं? मी घरातलीच आहे. माह्यावर राग किती दिवस राहीन.

भाऊबीजेले ये. एवढंच.

ताई

---

नागपूर,
१९ ऑक्टोबर १९८१

ती. चंपतराव भाऊजींस,
मनोहरचा नमस्कार, वर न बघता केलेला.

ताईनं तुम्हाला लिहू नको म्हणून बजावलं आहे, म्हणूनच लिहितो आहे.

बाटली भरायला तिला मी सांगितलं. तुम्हाला सांगू नको, हेही मीच. भाऊजी, ती बाटली भरण्यासाठी नव्हतीच, बघण्यासाठी होती. ती खाली गेली की शेपटाला काहीतरी झालं आहे असं समजायचं, एवढंच तिचं काम. पोरांना हेच शिकवून मी पगार घेतो. ताईला मात्र ते सांगायचं राहिलं, कारण ऐन वेळी मला दिव्याची उपमा सुचली, आणि तुमच्या टोपीवर बोलायची संधी होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर विसराळूपणा म्हणून सुटलो असतो. पण रोज वाटीभर तेल लागतं, हे तिनं मला कळवलं होतं. तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, मला ठाऊक असायला हवा होता. त्या दिवशी दोन ओळींची तार केली असती तर तुम्ही नाव काढून दोरा सोडवला असता. मी कार्डावर विनोद लिहिला आणि तेलाचा आणखी एक डबा धाडला. त्या निळ्या पडलेल्या लेकराचं रडं माझ्या नावावर लिहा. ताईच्या नको.

चाकांसाठी इथं विचारून ठेवलं आहे. परदेशी माल, कधी येईल सांगवत नाही. तोवर पलीकडच्या लोकांना तुम्ही डोंग्यानं नेत असाल, तेही एकटे. मी रजा टाकली आहे. २३ तारखेला सकाळच्या गाडीनं येतो. दुसरं वल्हं माझं. माझे हात खडू धरणारे, पहिल्याच दिवशी फोड येतील. ताई हळद लावायला बसली तर बसू द्या, मी कशाला आलो ते मात्र तिला सांगू नका. भाऊबीजेला जरा लवकर आलो, असं मीच सांगेन.

एक मागणं आहे. किल्ली ताईला परत द्या. इंजिन बंद आहे, तुम्हाला तिचा आज काही उपयोग नाही. ताईला आहे.

रागवावं जरूर, पण घरच्यावर रागवतात तसं.

आपला,
मनोहर