वैजूचं चेन्नईचं स्थळ

सौकारपेट, चेन्नई
ता. ११ मे २००४, मंगळवार

आक्का,
धाकट्या जावेचा पाया पडून नमस्कार. आम्ही खुशाल आहोत असं दर पत्रात लिहिते, तसं यातही लिहिते. मामंजींचे गुडघे कसे आहेत? इकडं पाण्याचे हाल. लॉरी तिसऱ्या दिवशी येते, मी सहा घागरी रांगेत लावते आणि भांडते. तमिळमध्ये भांडायला मला आता अडत नाही.

तुमचं पत्र मिळालं. शाळेत चार वर्गांत मिळून अकराच पोरं उरली म्हणता. उरणार कशी? पोराला मिसरूड फुटलं की सोनं गाळायला दक्षिणेत पाठवायचं, मग त्याची बायको न्यायची, पैसा आला की गावात स्लॅबचं घर बांधून कुलूप लावायचं. आपल्या आळीत पंधरा घरं, नवांना कुलपं. त्यात आमचंही. तुम्ही त्यात कांदा पसरता ते बरं करता.

आता मुद्द्याचं. इथं आमच्या समोरच राहणाऱ्या हंबीररावांच्या बाळकृष्णासाठी वैजूला मागणी आलीय, होय म्हणू का, असं विचारलंत. पोरगा वाईट नाही. पीत नाही, बापाचं ऐकतो. वैजूलाही पसंत आहे म्हणता. पडणारच. यात्रेला आम्ही भाड्याची सुमो करून आलो, मी पाटल्या घातल्या, तुमच्या सोप्यात बसून आमच्या घरी फरशी आहे, फ्रिज आहे असं सांगितलं. पोरगी दाराआड ऐकत होती. मी बघितलं तिला, आणि बघून आणखी दोन गोष्टी वाढवून सांगितल्या.

फ्रिज हंबीररावांच्या घरात आहे. आमची खोली दहा बाय दहा. ह्यांची स्वतःची भट्टी दोन वर्षांमागंच बंद झाली, आता हंबीररावांच्या हाताखाली आहेत. पूर्वी दिवसाला दहा सराफ यायचे, आता मोठी दुकानं मशीनवर गाळून घेतात. हंबीररावांकडंही दोन आले तर दिवस चांगला. गावात हे कुणाला ठाऊक नाही. तुम्हालाही आत्ता कळतंय.

आणि धूर. आमची खोली काय, त्यांचं घर काय, दोन्ही भट्टीच्या वरच. तेजाबात सोनं टाकलं की तांबडा धूर जिन्यानं वर येतो. हे जिना चढताना दोनदा बसतात. छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, धुरापासून लांब जा. हे म्हणाले, मग खाऊ काय?

वैजू दीड वर्षाची असताना याच धुरानं निळी पडली होती. तिसऱ्या दिवशी मी तिला आणून तुमच्या मांडीवर ठेवली. थोडेच दिवस, मी म्हणाले. अठरा वर्षं झाली. पोर माझ्या पोटची, पण आई तुम्हाला म्हणते, मला काकी. तिला खरं ठाऊक आहे, तरी. मी कधी टोकलं नाही. टोकायला तोंड नव्हतं.

मागणी आल्यावर हे म्हणाले, "पोरगी समोरच्या जिन्यावर येईल. रोज दिसेल. अजून काय पायजे तुला?" मी भांडी घासत राहिले. पण चार दिवस मनात तेच. तिला कुठल्या बाजाराला न्यायचं, पहिल्या दिवशी काय करून घालायचं, सगळं ठरवलं. तुमच्यापासून काय लपवायचं.

परवा हंबीररावांची थोरली सून दहा महिन्यांचं पोर गावी सोडायला निघाली. मला म्हणाली, "काकी, थोडेच दिवस." तिला मी काही बोलले नाही. तुम्हाला सांगते.

नाही म्हणा, आक्का.

नकार माझ्या नावावर कळवा. हंबीरराव ह्यांना कामावरून काढतील, काढू देत, मी बघते. वैजूचं विट्याचं नर्सिंग पुरं होऊ द्या. ती चिडेल. म्हणेल, काकी कोण लागून गेली सांगणारी? म्हणू द्या. तुम्ही तिची बाजू घ्या, माझी घेऊ नका.

चौथीपर्यंतच शिकले, दोन दिवस लागले एवढं लिहायला. पत्र वैजूला दाखवू नका. दाखवलंच तर अर्धं दाखवू नका.

तिची काकी,
सगुणा