द्वारकाबाईच्या विहिरीची फिल्म

८ जानेवारी १९६१, येडशी
काल सोलापुरात एक छोटी परदेशी फिल्म पाहिली. मंगळावरचा माणूस. डोक्यावर चक्क पत्र्याची बादली! सगळं थिएटर हसत होतं. हसण्याची गोष्ट नव्हती ती, भिण्याची होती. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. रिटायर झाले म्हणून असला गचाळपणा मुकाट्यानं पाहायचा? भावानं आफ्रिकेहून पाठवलेला, चावी देऊन चालणारा सिनेमाचा कॅमेरा ट्रंकेत पडून आहे. दहा मिनिटांची विज्ञानकथा मी स्वतः काढणार. बादलीशिवाय.

११ जानेवारी, सकाळी
तत्त्व ठरलं. गोष्ट कितीही अचाट असो, दाखवायची बातमीसारखी. सरकारी प्रचाराची गाडी बाजाराच्या मैदानात पडदा लावून देवीची लस दाखवते, आणि दुसऱ्या दिवशी लोक दंड उघडे करून रांगेत उभे राहतात. का? त्यात नट नसतात. तारीख असते, गावाचं नाव असतं, आकडे असतात. आणि बोलणाऱ्याचा आवाज कंटाळलेला असतो. कंटाळलेला माणूस खोटं बोलेल असं कुणाला वाटत नाही.
कथा : आकाशातून धातूचा गोळा विहिरीत पडतो. ते पाणी पिणाऱ्याला स्वतःचं नाव आठवत नाही. बस्स.

१९ जानेवारी
विहीर मिळाली. रामलिंगच्या वाटेवर द्वारकाबाईचा मळा आहे. विधवा बाई, एकच मुलगी अनसूया, माझी विद्यार्थिनी. वैशाखात तिचं लग्न, ढोकीच्या बलभीमरावांच्या घरी. पाणी गोड; येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथं थांबतो. परवानगी मागितली तर द्वारकाबाई म्हणाली, “घ्या की बाई. उचलून थोडीच नेताय?”
तिलाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. पाणी प्यायचं, आणि कुणी नाव विचारल्यासारखं गप्प पाहत राहायचं. चार वेळा करून घेतलं. तिसऱ्यांदा हसली. मी खडसावलं.
गोळा म्हणजे माझ्या स्वयंपाकीणबाईचा, मल्लम्माचा पितळी तांब्या, चंदेरी कागदात गुंडाळलेला. मल्लम्मा स्वयंपाक करता करता म्हणाली, “खोटंच हाय तर इतकं खऱ्यावानी कशाला, बाई?” स्वयंपाकघरातून कलेवर मत आलेलं मला चालत नाही.

२६ फेब्रुवारी
मुंबईहून फिल्म धुऊन आली. आज प्रचाराची गाडी आली होती. ऑपरेटर शिवशरण आढेवेढे घेत होता. म्हणे, “ह्या गाडीतून आजवर खोटं दाखवलं न्हाय, बाई.” मी म्हटलं, म्हणूनच!
लस, मग बंधारा, मग मी. लाउडस्पीकरवर कॉमेंटरी मीच वाचली, झोप आल्यासारखी. “एकूण रुग्ण अकरा.” कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेलं एलोक्यूशन, म्हणजे ठसक्यात बोलण्याची कला, उलटं वापरलं.
कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढं बसलेल्या एका बाईनं जवळचा तांब्या हळूच मातीत ओतला. याला म्हणतात प्रेक्षक! संपूर्ण यश.

२ मार्च
मल्लम्मा सांगते, द्वारकाबाईच्या विहिरीवर आता कुणी थांबत नाही. वाट सोडून शेतातून जातात. चार दिवसांत निवळेल. मोठ्या कलाकृतीचा परिणाम ओसरायला वेळ लागतो.

६ मार्च
बलभीमराव मळ्यावर येऊन गेले. बसले, पाण्याला हात लावला नाही. म्हणाले, “पोरगी चांगली हाय, पर जलमापासून हेच पाणी प्याली न्हवं?” निर्लज्ज माणूस.
मी स्वतः ढोकीला गेले. कागद सोलून तांब्या दाखवला. म्हटलं, हा तुमचा गोळा. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “ह्यो नकली हाय. खरा आत असंल.”
तरी काळजी नाही. रविवारी सगळ्यांसमोर मी ते पाणी पिणार. प्रश्न मिटला.

१२ मार्च
बलभीमराव दहा माणसं घेऊन विहिरीवर आले. मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. पदर तोंडाला लावला. विचारलं, झालं समाधान?
बलभीमरावांनी हात जोडले. म्हणाले, “रागवू नका बाई. तेवढं तुमचं नाव सांगा.”
मला! ज्या बाईच्या सहीनं या जिल्ह्यातल्या मुली पास झाल्या, तिला चारचौघांत नाव विचारायचं? मी सांगितलं, असल्या प्रश्नाला मी उत्तर देत नसते. मागून द्वारकाबाई पुटपुटली, “सांगा की हो बाई, पाया पडते.” नाही सांगितलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.
माणसं एकेक करून उठली. मान राखला गेला, एवढं नक्की.

१५ मार्च
ढोकीहून निरोप : लग्न मोडलं. बलभीमरावांना तीन पानी पत्र लिहिलं. असं पत्र वाचून दगडसुद्धा शरमेल. अनसूयाचं लग्न वैशाखातच होईल.

२० मार्च
पत्र परत आलं. खाली सही नाही.
घाईत राहिली. या वयात राहते. सिस्टरांचीसुद्धा राहायची.

२३ मार्च, दुपारी
मळ्यावर गेले. विहिरीवर बाभळीचे काटे टाकलेत. वाटलं गावानं टाकले. द्वारकाबाई म्हणाली, तिनंच. मैलभरावरच्या ओढ्यावरून पाणी आणते.
मी संतापले. म्हटलं, अगं, तुला सगळं ठाऊक आहे! मीच चार वेळा करून घेतलं, तिसऱ्यांदा तू हसलीस! ती म्हणाली, “व्हय बाई, हसले. पर पडद्यावर म्या मलाच बघितलं की. माझं नाव मला येत नव्हतं.”
अनसूया उंबऱ्याशी धान्य निवडत होती. मी तिला हाक मारली. तिनं मान वर केली नाही.
उन्हातून चालत गेलेली, घशाला कोरड पडली होती. द्वारकाबाईनं तांब्या पुढं ठेवला. मी विचारलं, कुठलं गं पाणी?
ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ओढ्याचं.
तेव्हा प्यायले.