ताईच्या बाजूचे तीन हात

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण दिवसातून चारदा जिना चढायचा हट्ट काही सुटत नाही. तुझी खोली रोज झाडते आणि एक वस्तू जागची हलू देत नाही. परवा मी खुर्ची जराशी सरकवली तर केवढी ओरडली! "ती आली म्हणजे धडपडेल ना," म्हणाली.

हे मेलने पाठवतोय. कागदावर लिहिलं असतं तर तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातलं काही तिसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर पडू नये.

तुझ्या नव्या नोकरीचं मावशीकडून कळलं. गेल्या मंगळवारी दुपारी तुला एक मुका फोन आला असेल. "नमस्कार, कुठल्या बसची चौकशी करायची आहे?" असं तू दोनदा विचारलंस. तो मी होतो. आवाज तुझा हसराच होता. पण जिने मला पहिला प्रोग्राम शिकवला, ओळ समासापासून आत घ्यायला विसरलो की "ओळ किती आत आहे त्यावरच तिचा अर्थ ठरतो" म्हणत टपली मारली, ती आता लोकांना बसच्या वेळा सांगते, हे मला ऐकवेना. फोन ठेवून दिला.

इथेच पत्र संपवायचा विचार होता. दोनदा संपवलंही.

ताई, आपण एकाच ऑफिसात होतो तेव्हाची ती मीटिंग आठवते? तू किती शांतपणे समजावलंस सगळ्यांना. "कोडची ओळ आत सरकवायला तुम्ही स्पेस मारता. माझ्या ब्रेल पट्टीवर एका वेळी चाळीसच अक्षरं मावतात. त्यात सोळा स्पेस आल्या की जवळजवळ निम्मी पट्टी कोरीच जाते बोटांखालून. कानाने ऐकायचं तर स्पेस मोजत बसायचं. त्याऐवजी टॅब मारा. एका पायरीला एकच खूण. तुमच्या पडद्यावर तो हवा तेवढा रुंद करून घ्या."

कुणीतरी म्हणालं, "आजवर स्पेसच चालत आल्यात." मग साहेब म्हणाले, "हात वर करा."

टॅबला तीन, स्पेसला चार. बाहेर आल्यावर जिन्यात तू माझा दंड धरलास. "तू होतास म्हणून बरं. नाहीतर मी आणि टेस्टिंगवाली, दोघीच पडलो असतो." मी "हं" म्हणालो.

तिसरा हात नव्या डिझायनरचा होता. माझा स्पेसच्या बाजूने होता.

आदल्या आठवड्यात साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बहिणीची री ओढणारा माणूस टीम कशी सांभाळणार?" दोन महिन्यांनी मी टीमचा प्रमुख झालो. पेढे पहिल्यांदा तुलाच दिले. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस.

पुढचं तुला माहीत आहे. फक्त मी तेव्हा काय करत होतो ते माहीत नाही. हॉस्पिटलच्या कामात तुझी एक ओळ सोळाच्या जागी बारा स्पेसवर राहिली, आणि ऑपरेशन रद्द झाल्याचा निरोप एका पेशंटऐवजी यादीतल्या सगळ्यांना गेला. माणसं उपाशीपोटी घरी परतली. त्याच्या आठवडाभर आधी तू मला म्हणाली होतीस, "डोकं गरगरतं रे. मोजता मोजता काय वाचत होते तेच विसरते." चौकशीत यातलं एक अक्षर तू काढलं नाहीस. "चूक माझी आहे," एवढंच बोललीस. अहवाल मी लिहिला. कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक निष्काळजीपणा" असं लिहून खाली सही ठोकली. महिन्याभरात तू राजीनामा दिलास, शहरही सोडलंस.

तुझा आवाज ऐकल्यावर बुधवारी मी अख्खा कोड टॅबवर आणला. एक आज्ञा दिली, अकरा सेकंदांत झालं. कुणी हूं की चूं केलं नाही. दोघांच्या तर लक्षातसुद्धा आलं नाही. अकरा सेकंद, ताई. मी जागेवर बसून राहिलो, टेस्टिंगवालीने पाणी आणून दिलं.

साहेबांना नवा अहवाल दिलाय. तुझी ओळ का चुकली, मीटिंगमध्ये कुणाचा हात कुठे होता, सगळं आहे त्यात. तो सोबत जोडतोय. पुढच्या नोकरीसाठी कुठे लागला तर दाखव. माझं पद जाईल बहुतेक. जाऊ दे.

"माफ कर" असं वर एका ठिकाणी लिहिलं होतं, ते पुसलं. तू लगेच करशील, आणि मग मी निवांत झोपेन.

काल आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. "तिला ठाऊक आहे?" मी नाही म्हणालो. "मग आधी तिला लिही," म्हणाली आणि उठून आत गेली. तेव्हापासून माझं ताट वाढून ठेवते, समोर बसत नाही.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर, तुझा
धाकटा