पेन्शनीत तारमास्तर, मुक्काम शहापूर

१४ नोव्हेंबर १९४५
शहापुरात येऊन सहा महिने. सौ.चा दमा खरंच उतरला. मडगावात रात्र-रात्र उशीला टेकून बसायची. इथे सकाळी बाजारात जाऊन कोथिंबिरीवरून भांडून येते. तिच्या हवेसाठीच आलो, तेव्हा तक्रार नाही.
पण मी? छत्तीस वर्षं तारऑफिसात गेली. आता जेवताना पाटाच्या कडेवर बोटं वाजतात. सौ. म्हणते, "कुणाला तार करताय?"
घर सांगली संस्थानात, बाजार शेजारच्या बेळगावात, इंग्रजांच्या हद्दीत, पेन्शन पोर्तुगीजांची. तिकडे ती पुरायची. इथे वीस तारखेनंतर हात आखडतो. काहीतरी केलं पाहिजे.

१९ नोव्हें.
कोर्टात दोन वकिलांना भेटलो. पोर्तुगीज कागदांची भाषांतरं करून देईन म्हटलं. एक नुसता हसला. दुसरा म्हणाला, "इंग्रजीत अर्ज लिहाल?" तेवढं इंग्रजी नाही. शाळेत गेलो, तिथे विचारलं, "कन्नड?" तेही नाही. मराठी, कोंकणी, पोर्तुगीज, थोडी फ्रेंच. एवढ्या भाषा, आणि या गावात
असो.
संध्याकाळी घरमालक आप्पा आले. येळ्ळूरचे शेतकरी. भाड्याच्या निमित्ताने येतात आणि गप्पांना बसतात. म्हणाले, "मास्तर, बसून बसून माणूस गंजतंय बघा. रताळ्याच्या गाडीवर येऊन बसा की. कामाला न्हवं वो, बोलायला."

९ डिसेंबर, रविवार
खडेबाजारात मागून कुणीतरी मासळीवालीला शुद्ध आमच्या मडगावकडच्या, सासष्टीच्या कोंकणीत शिवी दिली. इतका आनंद झाला की वळून नमस्कार केला. पेद्रु. छावणीत साहेबांच्या मेसमध्ये कुक. बायको तिकडे गावात. तिला पत्र लिहायचं आहे, लिहिता येत नाही. "म्हजें एक काम करशात, मास्तर?"
ओसरीवर बसून लिहिलं. तीन पानं. त्यातली दोन कोंबड्यांबद्दल. पैसे नको म्हणत होतो, त्याने पाटाखाली ठेवले आणि गेला.

२० जानेवारी १९४६
आज सात जण. कुक, दोन बँडवाले, एक शिंपी. सगळे आमच्याच मुलखातले. ओसरीवर रांग. आप्पा बघून म्हणाले, "मास्तर, तुमचं तर पोस्टच झालं की!" रात्री जेवलो नीट. बोटं वाजली नाहीत, असं सौ. म्हणते.

२७ फेब्रु.
पलटणी हलू लागल्या. लढाई संपली, साहेब चालले, मेस बंद होताहेत. बँडवाले गेले. शिंपी मुंबईला. आज ओसरीवर एकटा पेद्रु, तोही पुढच्या महिन्यात लोंढ्याला जाणार. स्टेशनावरच्या खानावळीत जागा मिळाली आहे.
दुपारभर नुसता किल्ल्याच्या खंदकाभोवती चाललो. दोन फेऱ्या. मग तिसरी.

३ मार्च
सौ.शी भांडण. पेद्रुमार्फत तिने सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, लोणचं लोंढ्याच्या खानावळीत द्यायचं ठरवलं, मला न विचारता. मी म्हटलं, "तारमास्तराची बायको लोणची विकणार?" ती बरणी पुसत म्हणाली, "तारमास्तर आता कुठे आहे? बरणी धरा जरा."
धरली.

१८ मार्च
निपाणीहून एक गृहस्थ आले. सगळे अण्णा म्हणतात. छापखाना आहे, तंबाखूच्या पुड्यांची लेबलं छापतात. त्यांच्या एका व्यापाऱ्याचा माल गोव्याला जातो, लेबलं पोर्तुगीजमध्ये हवीत. "तुमचं नाव लोंढ्याच्या पेद्रुनं सांगितलं. लई हिंडलो वो, ह्या भाषेचा माणूस घावंना." चार ओळींचं काम. मी आठ वेळा लिहून काढलं.

२६ मार्च
सर्व्हिस मोटारने निपाणी. गावात शिरताच तंबाखूच्या खाटाने शिंका. अण्णांच्या छापखान्यात शिशाचे इंग्रजी टाइप, पोर्तुगीजमधल्या शेपटीवाल्या 'सी'ला शेपटीच नाही. अण्णा म्हणाले, "चालतंय की, कोण बघतंय?" मी म्हटलं, चालत नाही. मग मी आणि त्यांचा जुना कंपोझिटर कानशी घेऊन बसलो. स्वल्पविराम घासून घासून एकेका 'सी'खाली बसवला. जरा डावीकडे कलतो, पण दिसतो. संध्याकाळपर्यंत हात काळे. फार दिवसांनी घरी परतताना मोटारीत झोप लागली.

५ मे
अण्णा पुन्हा. या वेळी लेबल नाही. ओसरीवरून उठून आत चला म्हणाले. खिशातून मराठी मजकूर काढला. गोव्यात सभेला परवानगी, भाषणाला परवानगी, लग्नपत्रिका छापायची तरी परवानगी घ्यायची; हे किती दिवस सोसणार, असा सगळा. तिकडच्या कचेऱ्यांतल्या कारकुनांना, शिपायांना त्यांच्याच भाषेत वाचता यावा म्हणून पोर्तुगीजमध्ये हवा आहे. तंबाखूच्या गठ्ठ्यांतून जाईल.
म्हणाले, "मास्तर, तुमी तिकडचं पेन्शनदार. न्हाय म्हटलासा तरी राग न्हाय."
ठेवून गेले.

६ मे
दिवसभर ट्रंकेत. दोनदा काढून वाचला. माझ्या भाचीची लग्नपत्रिका सेन्सॉरकडे तेरा दिवस पडून होती, मुहूर्त टळायची पाळी आली होती. मी त्याच सरकारच्या तारा पाठवत होतो. माझी एकही नव्हती त्यांत.
सौ.ला दाखवला. तिने वाचून घडी घातली. "लिहिता येईल?" एवढंच विचारलं.

७ मे
सकाळी बसलो, दुपारी उठलो. एक पान. इतकं चांगलं पोर्तुगीज मी नोकरीत कधी लिहिलं नव्हतं. मराठीतला मजकूर जरा ओरडत होता, त्याचा सूर मी खाली आणला. कारकून ओरडणाऱ्याचं ऐकत नाहीत, मला माहीत आहे.
संध्याकाळी अण्णा आले, पान घेतलं आणि पैशांचं पाकीट पुढे केलं. घेतलं. मग वाईट वाटलं. मग तांदूळ आणले.

१२ जून
दुसरा मजकूरही दिला. आता अण्णांची वाट बघतो. मोटारीचा भोंगा ऐकला की ओसरीवर येऊन उभा राहतो.

१५ जुलै
पेद्रु लोंढ्याहून आला, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन. बसला नाही. खानावळीत गाडीचे गार्ड जेवतात, त्यांच्याकडून कळलं: गोव्याच्या हद्दीत, कुळ्याच्या जकात नाक्यावर तंबाखूच्या पुड्या उघडताहेत. पत्रकं सापडली, आणि एका अंमलदाराने पत्रक आणि लेबल शेजारी-शेजारी ठेवून बघितलं. 'सी'ची शेपटी दोन्हीकडे सारखीच कललेली. मग विचारपूस सुरू झाली, बेळगावात पोर्तुगीज लिहिणारा कोण राहतो?
"म्हजे कडेन कोणें विचारूंक ना अजून," पेद्रु म्हणाला. 'अजून' वर जोर.
मीच घासलेली शेपटी. अण्णा म्हणत होते, कोण बघतंय.

१७ जुलै
निपाणीला जाऊन आलो. अण्णांनी ते टाइप वितळवले. व्यापाऱ्याचा माल बंद. "मास्तर, आता तुमी थांबा." मी विचारलं, पुढचा मजकूर आहे का? होता. घेऊन आलो. का, ते सांगता येणार नाही.

२ ऑगस्ट
परमुलखात राहणाऱ्या पेन्शनदाराने वर्षातून एकदा गोव्यातल्या खजिना कचेरीत स्वतः हजर राहून सही करायची. मुदत या महिनाअखेर. न गेलो तर पेन्शन आपोआप बंद, आणि का आला नाही म्हणून संशय पक्का. गेलो तर
सौ. म्हणते, नका जाऊ. लोणच्यावर भागवू. मी म्हटलं, लोणच्यावर दोन माणसं? "मग काय तुरुंगात एकाचं भागतं म्हणून जाताय?" पहिल्यांदाच रडली. रडून धाप लागली, मडगावात लागायची तशी. पाठ चोळत बसलो.

९ ऑगस्ट
आप्पांना अर्धंमुर्धं सांगितलं. त्यांनी बाकीचं ओळखलं. म्हणाले, "ऱ्हावा हितंच. भाड्याचं मागनं बघू. माझी रानं येळ्ळुरात हाईत, तिथं कोण हुडकतंय तुमास्नी?" मग जाता जाता दारात थांबून, "पर तुमी जाणारच, व्हय न्हवं? तोंडावरनं दिसतंय."
मला स्वतःला अजून माहीत नव्हतं.

११ ऑगस्ट
तो शेवटचा मजकूर पुरा करून अण्णांच्या हाती दिला. या वेळी पाकीट घेतलं नाही.
सौ.ने संध्याकाळी आपलं लुगडं माझ्या बॅगेत भरलं. "दोघं गेलो तर देवदर्शनाला आल्यासारखं दिसेल." वाद घातला नाही. तिच्याशी घालून उपयोग नसतो.

१४ ऑगस्ट, लोंढा
पाऊस. बेळगावहून आलेली गाडी सुटून गेली. गोव्याची पलीकडे उभी आहे, कॅसलरॉकला एक तपासणी, कुळ्याला दुसरी. सौ. डब्यात जागा धरून बसली आहे, खिडकीतून खुणावते आहे.
बॅग लावताना तिच्या हाताला ही वही लागली. "ही घेऊन निघालात? यात सगळ्यांची नावं असतील!" पुरी नावं नाहीत, पण ओळखायला पुरेसं आहे. फाडून फेकायची म्हटलं, हात होईना. पेद्रुच्या खानावळीत आलो. तो म्हणाला, तांदळाच्या डब्यात तळाला ठेवतो, मला कुठे वाचता येतं?
विचारलं, आणि मी आलोच नाही तर? पेद्रु टेबल पुसत राहिला.
पहिली घंटा झाली. दोन ओळी लिहू दे म्हणून त्याला थांबवलं आहे, आणि दोन ओळी सुचत नाहीत. परवा संध्याकाळच्या गाडीने परत यायचं आहे. सौ. डब्यातून उतरून इकडेच यायला लागली, पावसात. गाडी चुकेल म्हणून रागावली आहे. पेद्रुने वहीसाठी हात पुढे